प्रक्रियाधिष्ठित अंतर्गत परीक्षण : विरेचनकर्माच्या अनुषंगाने एक अभ्यास

प्रास्ताविक

'ऑडिट' हा शब्द कानी पडताच वर्षअखेरीस येणारे सनदी लेखापाल आणि जमाखर्चाच्या वह्या आपल्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. परंतु हाच शब्द एका निराळ्या अर्थाने आयुर्वेदीय रुग्णालयांत व औषधनिर्माणशाळांत आता रूढ झाला आहे. आयएसओ ९००१ हे गुणवत्ता व्यवस्थापन प्रणालीचे आंतरराष्ट्रीय मानक, एनएबीएचची आयुष रुग्णालयांसाठीची मानके, तसेच औषधनिर्मितीसाठी १९४५ च्या औषध नियमांतील 'शेड्यूल टी' या सर्वांमुळे नोंदी ठेवणे आणि त्या तपासणे हा आपल्या दैनंदिन कामाचा भाग झाला आहे. आपल्याच संस्थेतील व्यक्तींनी आपल्याच संस्थेच्या कामाची ठरावीक काळाने केलेली पद्धतशीर तपासणी, म्हणजे अंतर्गत परीक्षण होय.

हे परीक्षण अनेक ठिकाणी होते. पण ते कसे होते, हा प्रश्न आहे. बाह्य परीक्षक येण्याच्या आठ दिवस आधी धूळ झटकली जाते, नोंदवह्यांतील रिकाम्या रकान्यांत भर पडते, सह्या होतात आणि अहवालावर 'सर्व समाधानकारक' असा शेरा पडतो. नोंदवह्या पूर्ण असतात. परंतु रुग्णाला जे मिळायला हवे होते ते मिळाले का, याचे उत्तर त्या अहवालातून मिळत नाही. असे परीक्षण म्हणजे रुग्णाला न पाहता केवळ केसपेपर पाहून केलेली चिकित्सा होय.

यावर उपाय म्हणून प्रक्रियाधिष्ठित परीक्षणाची पद्धत पुढे आली. प्रस्तुत लेखात या पद्धतीचे तत्त्व, तिचे संहितांतील विचाराशी असलेले नाते आणि विरेचनकर्म हे उदाहरण घेऊन तिचा प्रत्यक्ष अवलंब, यांचा क्रमाने विचार केला आहे.

विभागनिहाय परीक्षणाची मर्यादा

आयएसओ ९००१ हे मानक प्रथम १९८७ साली प्रसिद्ध झाले. १९९४ च्या आवृत्तीत २० कलमे होती आणि परीक्षक एकेक कलम हाती घेऊन त्याची पूर्तता झाली आहे की नाही, ते पाहत असे. २००० साली झालेल्या सुधारणेत ही मांडणी बदलून प्रक्रियेचा दृष्टिकोन मानकाच्या केंद्रस्थानी आणला गेला. २००८ च्या आवृत्तीत तो कायम राहिला आणि २०१५ च्या आवृत्तीत त्याला संभाव्य जोखमीच्या विचाराची जोड मिळाली. परीक्षण कसे करावे याचे मार्गदर्शन करणारे आयएसओ १९०११ हे स्वतंत्र मानक असून त्याच्या २०१८ च्या आवृत्तीतही जोखमीवर आधारित दृष्टिकोन हे परीक्षणाचे एक तत्त्व म्हणून सांगितले आहे.

हा बदल का करावा लागला? विभागनिहाय परीक्षणात बाह्यरुग्ण विभाग, अंतर्रुग्ण विभाग, पंचकर्म विभाग, औषध भांडार, पाकशाळा असा एकेक विभाग घेतला जातो. प्रत्येक विभागाच्या नोंदी त्या विभागापुरत्या तपासल्या जातात. रुग्ण मात्र कोणत्याही एका विभागाचा नसतो. तो सकाळी एका विभागात, दुपारी दुसऱ्या विभागात असतो. त्याचे औषध तिसऱ्या विभागातून येते आणि आहार चौथ्या. एका विभागाकडून दुसऱ्या विभागाकडे जी माहिती, जे द्रव्य वा जी जबाबदारी जाते, तिचा धनी कोण, हे विभागनिहाय तपासणीत कोणी विचारत नाही. प्रत्येक विभागाला शंभरपैकी शंभर गुण मिळाले तरी दोन विभागांच्या सांध्यात दोष राहून जातो. संधी हे व्याधीचे आवडते स्थान असते, हे वैद्याला निराळे सांगण्याची गरज नाही.

प्रक्रिया म्हणजे काय ?

काही आदाने घेऊन, परस्परांशी संबंधित अशा क्रियांच्या योगे, अपेक्षित फल निर्माण करणारी मालिका म्हणजे प्रक्रिया. प्रत्येक प्रक्रियेस आरंभ असतो, शेवट असतो, तिचे उत्तरदायित्व घेणारी व्यक्ती असते आणि ती नीट चालली की नाही हे ओळखण्याचे लक्षण असते. एका प्रक्रियेचे फल हे पुढील प्रक्रियेचे आदान होते. सम्यक् स्निग्ध झालेला रुग्ण हे स्नेहपानाचे फल. तोच रुग्ण पुढील अभ्यंग-स्वेदनाचे व विरेचनाचे आदान.

प्रक्रिया समजून घेण्यासाठी परीक्षक एक सोपी आकृती वापरतात. तिच्या आकारावरून तिला कासवाची आकृती म्हणतात. कासवाचे धड म्हणजे प्रक्रिया. मुख म्हणजे आदान. शेपूट म्हणजे फल. आणि चार पाय म्हणजे चार प्रश्न :

१) कशाने ? जागा, उपकरणे व द्रव्ये.
२) कोणी ? व्यक्ती, त्यांचे शिक्षण व अनुभव.
३) कसे ? ठरलेली कार्यपद्धती.
४) कशावरून ? मोजमाप व लक्षणे.

परीक्षणास निघण्यापूर्वी कागदाच्या एका पानावर हे कासव काढावे. ज्या पायाशी काही लिहिता येत नाही, त्या पायाने प्रक्रिया लंगडते आहे असे समजून तेथे प्रथम जावे.

संहितांतील अधिष्ठान

हा विचार आपणांस सर्वस्वी नवा नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील १५ व्या, उपकल्पनीय अध्यायात वमन-विरेचनापूर्वी कोणते गृह असावे, कोणते परिचारक असावेत, कोणती उपकरणे व द्रव्ये संग्रही असावीत याचा तपशील येतो. औषध सम्यक् लागू पडले तर काय लागेल आणि व्यापद् उद्भवली तर काय लागेल, या दोहोंची तयारी आधीच करावी, असा त्या अध्यायाचा आग्रह आहे. ज्ञानी वैद्याने योग्य रीतीने योजलेले औषध सिद्धच व्हावयास हवे, मग हा आधीचा खटाटोप कशासाठी, अशी शंका अग्निवेश तेथे उपस्थित करतो आणि आत्रेय तिचे समाधान करतात. आजच्या भाषेत ज्याला जोखमीचा विचार म्हणतात, तो याहून वेगळा नाही.

सिद्धिस्थानाचा ५ वा अध्याय तर या दृष्टीने मुळातूनच अभ्यासावा. बस्तिकर्मात व्यापद् उद्भवली, तर केवळ 'बस्ती बिघडला' असे म्हणून चरक थांबत नाहीत. ते नेत्राचे ८ दोष, पुटकाचे ८ दोष आणि बस्ती देणाऱ्याचे १० दोष स्वतंत्रपणे सांगतात. साधनाचा दोष निराळा आणि हाताचा दोष निराळा, असा भेद केल्याशिवाय उपाय ठरत नाही, हे त्यामागील तत्त्व. कासवाच्या चार पायांपैकी दोन पाय येथे स्पष्ट दिसतात.

अर्थात, ही तुलना मर्यादेत ठेवणे श्रेयस्कर. व्यवस्थापनशास्त्रातील प्रत्येक संज्ञा संहितांत शोधण्याचा अट्टहास केल्यास दोन्ही शास्त्रांवर अन्याय होतो. संहितांनी कर्म कसे करावे हे सांगितले. ते दररोज, प्रत्येक रुग्णात, प्रत्येक परिचारकाकडून तसेच घडते आहे का, हे पाहण्याची रीत आपणांस बसवावी लागेल.

उदाहरण : विरेचनकर्म

समजुतीसाठी २० खाटांचे एक आयुर्वेदीय रुग्णालय कल्पू. पुढील सर्व प्रसंग उदाहरणादाखल रचलेले आहेत. तथापि पंचकर्माचा व्यवसाय करणाऱ्या वैद्यांस ते अपरिचित वाटणार नाहीत. विरेचन ही संपूर्ण प्रक्रिया मानल्यास तिचे टप्पे असे मांडता येतील :

१) रुग्णाची अर्हता ठरवणे, कोष्ठ, अग्नी, बल, चालू औषधे व गर्भावस्थेसारख्या बाबींची विचारणा, संमती.
२) दीपन-पाचन.
३) स्नेहपान, वर्धमान मात्रेने ३ ते ७ दिवस, सम्यक् स्निग्ध लक्षणे मिळेपर्यंत.
४) विश्रामकाळातील ३ दिवस अभ्यंग व स्वेदन.
५) प्रधानकर्म, विरेचनौषध देणे, वेग मोजणे, नाडी व रक्तदाब पाहणे.
६) शुद्धीचा निर्णय.
७) संसर्जनक्रम.
८) मुक्ती व घरी पाळावयाच्या सूचना.

टप्पे ८ असले तरी त्यांत हात घालणारे लोक बरेच अधिक आहेत : बाह्यरुग्ण विभागातील वैद्य, निवासी वैद्य, दिवस व रात्रपाळीचे परिचारक, भांडारपाल, पाकशाळेतील स्वयंपाकी आणि शेवटी रुग्णाचे कुटुंबीय. परीक्षकाचे लक्ष टप्प्यांइतकेच टप्प्यांमधील सांध्यांकडे असावे. असे तीन सांधे आपण पाहू.

पहिला सांधा : बाह्यरुग्ण विभाग ते अंतर्रुग्ण विभाग

मधुमेहाचा एक रुग्ण ग्लिमेपिराइडसारखी रक्तशर्करा उतरवणारी गोळी रोज सकाळी घेतो. बाह्यरुग्ण विभागाच्या केसपेपरवर तशी नोंद आहे. अंतर्रुग्ण विभागात नवीन केसपेपर उघडला जातो. त्यात 'चालू औषधे' असा रकानाच नाही. स्नेहपान सुरू होते. स्नेह जीर्ण होईपर्यंत रुग्ण काही खात नाही, मात्रा वाढत जाते तसा आहार कमी होतो, आणि गोळी मात्र सवयीने चालू राहते. रक्तशर्करा एकाएकी उतरण्याचा धोका येथे उघड आहे. विभागनिहाय परीक्षकाने दोन्ही केसपेपर पाहिले असते तर दोन्ही पूर्ण भरलेले आढळले असते. प्रक्रियेचा मागोवा घेणारा परीक्षक मात्र विचारतो : "ही माहिती पुढच्या माणसाला कशी कळते ?" या एका प्रश्नाने दोष उघडा पडतो.

दुसरा सांधा : परिचारक ते वैद्य

विरेचनात आरंभीचे २-३ मलयुक्त वेग वगळून मोजणी करावी, हे शास्त्रवचन परिचारकाला शिकवलेले आहे. तो ते वगळून १२ वेग लिहितो. निवासी वैद्यालाही तेच वचन पाठ आहे. समोरची संख्या एकूण वेगांची असावी असे समजून तो त्यातून आणखी ३ वजा करतो आणि ९ धरतो. संहितेत अवर, मध्यम व प्रवर शुद्धीचे १०, २० व ३० असे वेग सांगितले आहेत. या रुग्णालयाच्या कार्यपद्धतीत १० पर्यंत अवर, ११ ते २० मध्यम व त्यापुढे प्रवर अशी विभागणी केली आहे असे धरू. तेव्हा मध्यम शुद्धीचा रुग्ण कागदावर अवर ठरला. मध्यम शुद्धीस ८ अन्नकालांचा, म्हणजे ५ दिवसांचा संसर्जनक्रम हवा. त्याला ४ अन्नकालांचा, म्हणजे ३ दिवसांचा मिळाला. अग्नी अद्याप मंद असताना तो २ दिवस आधीच नेहमीच्या जेवणावर आला.

येथे चूक कोणाची ? परिचारकाने शास्त्र पाळले, वैद्यानेही पाळले. दोघांच्या नोंदी पूर्ण आहेत, सह्या आहेत. दोष नोंदपत्राच्या रचनेत आहे. 'एकूण वेग', 'वगळलेले वेग' आणि 'ग्राह्य वेग' असे तीन रकाने तेथे नाहीत. शुद्धीचा निर्णय केवळ वेगसंख्येवर न करता लैंगिकी व आंतिकी लक्षणांसह करावयाचा असतो. पण त्या लक्षणांसाठीही पत्रात जागा नसेल, तर घाईच्या दिवशी संख्याच निर्णायक ठरते.

तिसरा सांधा : वैद्य ते पाकशाळा, आणि पाकशाळा ते घर

केसपेपरवर 'संसर्जनक्रम ५ दिवस' एवढेच लिहिलेले असते. पाकशाळेत चिठ्ठी जाते ती 'पेशंट क्र. ७, पेया' अशी. पेया किती पातळ, विलेपी किती घट्ट, अकृत यूष कोणता आणि कृत यूषात काय घालावयाचे, हे स्वयंपाक करणाऱ्या बाईंना ठाऊक असते. त्या रजेवर असतील त्या दिवशी कोणालाच ठाऊक नसते. त्यातच बहुसंख्य रुग्ण नोकरीच्या रजेअभावी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी जातात. उरलेला संसर्जनक्रम घरच्या स्वयंपाकघरात होतो. त्यासाठी रुग्णाच्या हाती काय दिले जाते, ते त्याला समजेल अशा मराठीत असते का, आणि ५ व्या दिवशी त्याची कोणी विचारपूस करते का, हे प्रश्न अंतर्गत परीक्षणात क्वचितच विचारले जातात. वास्तविक प्रक्रियेचा शेवट रुग्णालयाच्या दाराशी होत नाही. रुग्ण प्रकृत आहारावर सुखरूप येतो तेथे होतो.

परीक्षणाची रीत

अ) कार्यक्रमाची आखणी : सर्व प्रक्रियांचे परीक्षण सारख्याच वारंवारतेने करण्याची आवश्यकता नाही. प्रक्रियेचे महत्त्व, तिच्यात नुकतेच झालेले बदल आणि मागील परीक्षणाचे निष्कर्ष पाहून वारंवारता ठरवावी, अशीच मानकाची अपेक्षा आहे. वमन, विरेचन, बस्ती व रक्तमोक्षण यांना अग्रक्रम द्यावा. नवीन स्वयंपाकी, नवीन परिचारक वा नवीन औषधपुरवठादार आला, तर तेवढ्यापुरते परीक्षण लवकर घ्यावे.

आपल्या व्यवसायात ऋतुचर्येमुळे एक सोय आपोआप मिळते. वसंतात वमनाची, वर्षा ऋतूत बस्तीची आणि शरदात विरेचन-रक्तमोक्षणाची गर्दी असते. त्या त्या कर्माचे परीक्षण त्याच ऋतूत, काम पूर्ण भरात चालू असताना करावे. रिकाम्या पंचकर्म कक्षात विरेचनाचे परीक्षण करणे म्हणजे ज्वर उतरल्यावर तापमापक लावण्यासारखे आहे.

आ) पूर्वतयारी : कार्यपद्धती वाचावी, कासवाची आकृती काढावी आणि त्यावरून प्रश्न काढावेत. छापील प्रश्नावली हाताशी असण्यास हरकत नाही. परंतु ती काठी म्हणून वापरावी, डोळे म्हणून नव्हे.

इ) प्रत्यक्ष परीक्षण : दर्शन, स्पर्शन व प्रश्न ही त्रिविध परीक्षा येथेही उपयोगी पडते. कर्म चालू असताना स्वतः पाहावे. स्नेहाचे मापनपात्र, बस्तिनेत्र, ऑटोक्लेव्हची नोंद ही हाती घेऊन पाहावी. काम करणाऱ्यास विचारावे. प्रश्न 'तुम्ही वेग मोजता ना ?' असा नसावा. त्याचे उत्तर 'हो' हेच येणार. 'काल या रुग्णाचे वेग कसे मोजले, ते दाखवता का ?' असा असावा.

मागोवा दोन्ही दिशांनी घ्यावा. गेल्या महिन्यात विरेचन झालेल्या रुग्णांपैकी ५ केसपेपर परीक्षकाने स्वतः निवडावेत. विभागाने काढून दिलेले घेऊ नयेत. त्यांतील एका रुग्णाच्या संसर्जनापासून उलट दिशेने अर्हतेपर्यंत यावे. दुसऱ्या रुग्णाच्या बाबतीत स्नेहपानाचे घृत धरून मागे जावे : पेल्यातील घृत कोणत्या बॅचचे, ती बरणी कधी उघडली, लेबलवर वापराची मुदत कोणती, बॅच क्रमांक केसपेपरवर आहे का, आणि घृत आपल्याच निर्माणशाळेतील असल्यास त्या बॅचच्या नोंदीत कल्क, क्वाथ व सिद्धिलक्षणे मिळतात का. उद्या एखाद्या बॅचविषयी शंका आली तर ती कोणकोणत्या रुग्णांस दिली हे तासाभरात सांगता आले पाहिजे. बॅच क्रमांकाची साखळी एका ठिकाणी जरी तुटली तरी ते शक्य होत नाही.

ई) निष्कर्ष : पुराव्याशिवाय निष्कर्ष नाही, हे परीक्षणाचे मूलतत्त्व. ऐकीव माहितीवरून, पूर्वग्रहावरून वा व्यक्तीच्या ख्यातीवरून काही लिहू नये. जे चांगले आढळले तेही लिहावे. तेवढ्यानेही पुढील परीक्षणाच्या वेळी दारे मोकळ्या मनाने उघडतात.

निष्कर्ष कसा लिहावा ?

निष्कर्षात अपेक्षा, पुरावा आणि विसंगती ही तीन अंगे असावीत; व्यक्तीचे नाव असू नये. दोन नमुने पाहा.

सदोष नमुना : "परिचारक वेगांची नोंद नीट ठेवत नाहीत. त्यांना समज द्यावी."

निर्दोष नमुना : "विरेचनाच्या कार्यपद्धतीनुसार आरंभीचे मलयुक्त वेग वगळून मोजणी अपेक्षित आहे. तपासलेल्या ५ केसपेपरपैकी ३ मध्ये नोंदवलेली संख्या हे वेग धरून आहे की वगळून, हे स्पष्ट होत नाही. एका केसपेपरमध्ये परिचारकाची नोंद १२, वैद्यांची नोंद ९ असून संसर्जनक्रम दुसऱ्या संख्येवरून ठरवलेला आहे."

पहिल्या नमुन्यात आरोप आहे; दुसऱ्यात वस्तुस्थिती आहे. पहिल्याने परिचारक दुखावेल आणि पुढील वेळी नोंदी अधिक सुबक करील, अधिक खऱ्या नव्हे. दुसऱ्याने नोंदपत्र बदलेल.

तत्काळ दुरुस्ती आणि सुधारक कृती यांतील भेदही ध्यानी घ्यावा. त्या रुग्णास बोलावून त्याचा आहार सुधारणे ही तत्काळ दुरुस्ती. ती व्याधीच्या लक्षणावरील उपशमनासारखी आहे. नोंदपत्रात तीन रकाने करणे, परिचारक व वैद्य दोघांनाही एकत्र बसवून ते समजावणे, आणि पुढील महिन्यातील केसपेपर पाहून बदल टिकला की नाही याची खात्री करणे ही सुधारक कृती. हे निदानपरिवर्जन होय. पूर्वीच्या अहवालातील विसंगती पुढच्या अहवालात जशीच्या तशी येत असेल, तर आपण लक्षणावरच औषध देत आहोत असे समजावे.

लहान संस्थांतील अडचण

स्वतःच्या कामाचे परीक्षण स्वतः करू नये, ही निःपक्षपातीपणाची किमान अट. परंतु जेथे दोन वैद्य, चार परिचारक आणि एक भांडारपाल एवढाच परिवार आहे, तेथे परीक्षक आणायचा कोठून ? यावर दोन मार्ग संभवतात. एक, भांडारपालाने किंवा कार्यालयीन व्यक्तीने पंचकर्म विभागाचे आणि पंचकर्म विभागातील व्यक्तीने भांडाराचे परीक्षण करावे. शास्त्रीय निर्णयाची योग्यता त्यांना तपासता येणार नाही. परंतु सांधे तपासण्यासाठी लागणारी चौकस बुद्धी त्यांच्याकडे असते. किंबहुना, शास्त्र न जाणणारी व्यक्ती 'हे कशावरून ?' असे निःसंकोच विचारते, हा लाभच आहे. दुसरा मार्ग, एकाच गावातील वा तालुक्यातील दोन संस्थांनी परस्परांचे परीक्षण करावे; गोपनीयतेची लेखी हमी द्यावी आणि रुग्णांची नावे टिपणात घेऊ नयेत. व्यावसायिक संघटनेच्या शाखांना या कामी पुढाकार घेता येईल.

दुसरी अडचण मनाची आहे. कनिष्ठ व्यक्तीने आपल्या कर्माची तपासणी करावी, हे ज्येष्ठ वैद्याला रुचत नाही; आणि ज्येष्ठाच्या कामात विसंगती दिसली तरी ती लिहिण्यास कनिष्ठ धजत नाही. यास्तव संस्थाप्रमुखाने पहिले परीक्षण स्वतःच्या प्रक्रियेचे करवून घ्यावे आणि त्यातील निष्कर्ष सर्वांसमोर वाचावेत. तसे झाल्यावाचून इतरांना हे काम केवळ दोषदर्शन वाटत राहील. व्यापद्ची मोकळेपणाने नोंद करण्याची परंपरा आपल्याकडे आहे; वमन-विरेचनाच्या व बस्तीच्या व्यापदांसाठी सिद्धिस्थानात स्वतंत्र अध्याय आहेत. आचार्यांना व्यापद् लिहिण्याची लाज वाटली नाही, ती आपणांस वाटण्याचे कारण नाही.

उपसंहार

प्रमाणपत्र भिंतीवर लागते. प्रक्रिया रुग्णाच्या शरीरात घडते. प्रमाणपत्राचा उपयोग नाकारण्याचा येथे हेतू नाही. परंतु ज्या मधुमेही रुग्णाची गोळीची माहिती दोन केसपेपरांच्या मध्ये हरवली, त्याच्यासाठी त्या प्रमाणपत्राला काही अर्थ उरत नाही. विभागांऐवजी रुग्णाच्या वाटेने चालणे, सांध्याशी थांबून 'पुढच्या माणसाला हे कसे कळते' असे विचारणे, आणि व्यक्तीऐवजी रचनेत कारण शोधणे, एवढे तीन नियम पाळले तरी अंतर्गत परीक्षण सार्थ होईल.

त्यासाठी सल्लागार नेमण्याची वा जाडजूड नियमावली तयार होईपर्यंत थांबण्याची आवश्यकता नाही. येत्या तिमाहीत एक कर्म निवडावे, त्या कर्माच्या एका रुग्णाची वाट आरंभापासून अखेरपर्यंत चालून पाहावी आणि जेवढे सांधे सैल आढळतील तेवढ्यांची यादी करावी. पहिल्याच यादीत आपणांस पुढील वर्षभराचे काम मिळेल.

स्वाध्याय

१) आपल्या रुग्णालयातील कोणत्याही एका कर्माची कासवाची आकृती काढा. कोणत्या पायाशी लिहिण्यासारखे कमी आढळले ?
२) आपल्या वमन वा विरेचनाच्या नोंदपत्रावरून, ते न भरणाऱ्या व्यक्तीला शुद्धीचा प्रकार निःसंदिग्ध ठरवता येतो का ?
३) रुग्णाची चालू औषधे स्नेहपान देणाऱ्या व्यक्तीपर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचतात ? तो मार्ग लेखी आहे की तोंडी ?
४) पाकशाळेतील मुख्य व्यक्ती रजेवर असताना पेया व विलेपी यांची सिद्धी कशी राखली जाते ?
५) भांडारातील एक घृत निवडून त्याची सध्याची बॅच कोणकोणत्या रुग्णांस दिली गेली, याची यादी एका तासात करून पाहा.
६) मागील अहवालातील एक विसंगती घेऊन तिच्यावर झालेली कृती तत्काळ दुरुस्ती होती की सुधारक कृती, ते सकारण लिहा.